पानगळीत झाडं लावावीत का? लावावीत, पण आधी मुळं बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. अंगणात एक मेपल, एक मॅग्नोलिया, एक लहान स्प्रूस आणि लायलक, व्हायबर्नम अशी सहा झुडपं लावायची आहेत. सगळी रोपं कुंड्यांतली आहेत. झाडांची पानं पिवळी पडायला लागली आहेत आणि जमीन गोठायला अजून साधारण सहा आठवडे आहेत. कोणी म्हणतं आत्ताच लावा, कोणी म्हणतं वसंतापर्यंत थांबा. खड्ड्यात खत किती घालायचं, हेही तुम्ही विचारलं आहे. आणि अगदी शेवटी, जाता जाता एक वाक्य लिहिलं आहे: गेल्या वर्षी याच दिवसांत लावलेली दोन झाडं वसंतात पालवलीच नाहीत.

माझ्या मते खरा प्रश्न त्या शेवटच्या वाक्यात आहे. ती दोन झाडं अजून जागेवर असतील तर नवा खड्डा खणायच्या आधी ती उपटा आणि मुळांवरची माती धुऊन नीट बघा. झाड अलगद हातात आलं आणि मुळांचा आकार अजून कुंडीसारखाच गोल असेल, तर मुळं त्या गोळ्याबाहेर पडलीच नाहीत. मुळं काळपट, लिबलिबीत असतील आणि त्यांना कुजका वास येत असेल, तर खड्ड्यात पाणी साचलं होतं. हुंडी, म्हणजे मुळांभोवतीचा कुंडीतल्या मातीचा गोळा, कोरडीठाक आणि आजूबाजूची माती ओली असेल, तर पाणी झाडाला मिळालंच नाही, शेजारच्या मातीला मिळालं. बुंध्याशी साल चहूबाजूंनी कुरतडलेली दिसली तर तो उंदरांचा किंवा सशांचा उद्योग. ही चार कारणं वेगळी आहेत आणि त्यांचे उपाय वेगळे आहेत. कारण कळल्याशिवाय नुसता हंगाम बदलला, तर यंदाची झाडंही त्याच वाटेने जातील.

मी २६ वर्षं झाडं लावण्याचं आणि लावलेली झाडं जगवण्याचं काम करतो आहे. हंगाम चुकल्यामुळे गेलेली झाडं मी पाहिली आहेत. पण फार खोल लावल्यामुळे, गुंडाळलेली मुळं तशीच ठेवल्यामुळे आणि लावल्यावर पाण्याची हेळसांड झाल्यामुळे गेलेली झाडं त्याहून कितीतरी जास्त. ती वसंतात लावली असती तरी वाचली नसती, फक्त वसंताऐवजी भर उन्हाळ्यात वाळली असती.

तरीही हंगामाचं महत्त्व आहेच. हवा भराभर गार होते, जमीन सावकाश निवते. उन्हाळाभर तापलेली माती पानगळ सुरू झाल्यावरही कित्येक आठवडे ऊब धरून असते. झाडाच्या वरच्या भागाचं काम तोवर आटोपलेलं असतं. पानं गळतात, डोळे, म्हणजे पुढच्या पालवीचे कोंब, घट्ट मिटतात, त्यामुळे पानांवाटे पाणी उडून जाण्याचा ताण उरत नाही. मुळांचं तसं नसतं. डोळ्यांसारखी ठराविक काळाची झोप मुळांना नसते. माती उबदार आणि ओलसर असेल तोवर ती वाढत राहतात. मातीचं तापमान १० अंश सेल्सिअसच्या वर असेल तर बऱ्यापैकी जोमाने, त्याखाली मंद गतीने, आणि ५ अंशांच्या आसपास वाढ जवळजवळ थांबते. म्हणजे या दिवसांत झाडाने साठवलेली ताकद पालवीवर खर्च न होता मुळांच्या कामी येते. वसंतात लावलेल्या झाडाला पानं आणि मुळं या दोन्हींचा संसार एकदमच मांडावा लागतो, आणि तो मांडेमांडेपर्यंत ऊन वाढलेलं असतं.

एकदा पानगळीत लावलेलं व्हायबर्नम जागा बदलायची ठरल्यामुळे मला पाचव्या आठवड्यात परत काढावं लागलं. वर काहीही घडलेलं नव्हतं. पानं गळून गेली होती आणि काड्या लावल्या दिवशी होत्या तशाच होत्या. खालून फावडं घालून ते उचललं तर हुंडीच्या सगळ्या कडांनी पांढरी मुळी फुटून दोन-दोन बोटं नव्या मातीत शिरली होती. मुळीची टोकं इतकी कोवळी की माती झटकली तरी तुटत होती. ते बघून मी हळहळलो, कारण पाच आठवड्यांची ती कमाई माझ्या फावड्याखाली गेली होती. त्यानंतर जागा पक्की झाल्याशिवाय मी एकही झुडूप लावलेलं नाही. तुम्हीही रोपं आधी कुंड्यांसकट जागेवर मांडा, चार दिवस येताजाता बघा, पूर्ण वाढलेल्या झाडाचा घेर भिंतीला किंवा तारांना भिडणार नाही ना याचा अंदाज घ्या आणि मगच खणा.

आता मुदतीचं. जमीन गोठायच्या आधी मुळांना निदान ४ ते ६ आठवडे मिळायला हवेत. उत्तर गोलार्धात बऱ्याच ठिकाणी हा काळ सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरअखेरपर्यंत येतो, दक्षिण गोलार्धात मार्च ते मे. पण उंचावरच्या गावात हिवाळा लवकर उतरतो आणि समुद्राकाठी उशिरा, तेव्हा तारखेवर विसंबू नका. साधा मातीचा थर्मामीटर सकाळी १०-१५ सेंटिमीटर खोल खुपसून बघा. आकडा १० च्या वर असेल तर निर्धास्त लावा. ७-८ वर आला असेल तर पानझडी झुडपं अजून चालतील, बाकीचं थांबवा.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या मला इथे बसून ठरवता येणार नाहीत. तुमच्याकडे जमीन गोठतच नसेल तर घाईचं कारणच नाही, सगळा हिवाळा लावणीचा आहे. माती चिकण असेल आणि हिवाळ्यात तिच्यात पाणी उभं राहत असेल, तर वसंतापर्यंत थांबलेलं बरं. गार आणि पाण्याने भरलेल्या मातीत मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. लावल्यानंतरचे पाच-सहा आठवडे तुम्ही घरी नसाल, पाणी घालायला दुसरं कोणी नसेल, तरीही थांबा. पुढे कधी कुंडीऐवजी उघड्या मुळांची रोपं आणलीत, तर ती फक्त पानं नसतानाच लावायची: पानं गळल्यापासून डोळे फुटेपर्यंत. त्यांची मुळं पाच मिनिटंसुद्धा उन्हावाऱ्यात उघडी ठेवू नका, ओल्या गोणपाटात गुंडाळूनच खड्ड्यापर्यंत न्या.

तुमच्या यादीतल्या सगळ्या झाडांना मात्र एकच उत्तर लागू होत नाही. मेपल, लायलक आणि व्हायबर्नम ही पानगळीत लावायला उत्तम, ती आत्ताच लावा. लायलकच्या पुढच्या वसंतातल्या फुलांच्या कळ्या काड्यांच्या टोकांवर आत्ताच तयार आहेत, तेव्हा लावताना हौसेने शेंडे छाटू नका.

स्प्रूसचं गणित वेगळं आहे. त्याची हिरवी सुयांसारखी पानं हिवाळाभर अंगावर असतात आणि हिवाळ्यातल्या उन्हात, कोरड्या वाऱ्यात त्यांच्यातून पाणी उडतच असतं. जमीन गोठली की मुळांना ते भरून काढता येत नाही. झाड थंडीने मेलं असं लोक म्हणतात, प्रत्यक्षात ते तहानेने गेलेलं असतं. म्हणून सदाहरित झाडांना मुळं धरायला जास्त अवधी द्यावा लागतो. मी ती उन्हाळा सरता सरता लावतो, पानगळीच्या ऐन भरात नाही. तुमच्याकडे सहा आठवडे आहेत, म्हणजे वेळ अगदी काठावर आहे. जागा आडोशाची असेल तर सगळ्यांत आधी स्प्रूस लावा, याच आठवड्यात. जागा उघडी, वाऱ्याच्या तोंडावर असेल तर मी ते वसंतातच लावेन.

मॅग्नोलिया मी आत्ता लावणार नाही. त्याची मुळं जाड, मांसल आणि कमी फाट्यांची असतात. ती दुखावली तर गार मातीत जखम लवकर सावरत नाही आणि तिथून कूज शिरते. बर्च, ट्यूलिप ट्री आणि ओकच्या काही जातींबद्दलही असाच अनुभव आहे, विशेषतः शेतातून खणून हुंडीसह आणलेल्या झाडांबाबत. तुमचं मॅग्नोलिया कुंडीतलं आहे, म्हणजे मुळं तुटलेली नाहीत आणि धोका कमी आहे. माती हलकी आणि हिवाळा सौम्य असेल तर कुंडीतलं मॅग्नोलिया आत्ता लावणारे लोक चुकतात असं मी म्हणणार नाही. पण तुमची दोन झाडं आधीच गेली आहेत, तेव्हा हा धोका घेऊ नका. फक्त ते कुंडीत तसंच उघड्यावर ठेवू नका. फांद्या जेवढी थंडी सोसतात तेवढी मुळं सोसत नाहीत, आणि उघडी कुंडी चारी बाजूंनी गोठते. आडोशाच्या जागी खड्डा करून कुंडी काठापर्यंत जमिनीत पुरा, वर पालापाचोळा पसरा आणि माती गोठेपर्यंत ओल टिकवा. वसंतात डोळे फुगायला लागले की पक्क्या जागी न्या.

आता ज्या गोष्टीमुळे सर्वांत जास्त झाडं जातात तिच्याकडे येतो. झाड किती खोल बसवायचं?

खोड जमिनीला जिथे मिळतं तिथे ते पसरट व्हायला हवं. पहिली मोठी मुळं फुटतात त्या जागी बुंधा रुंदावतो, आणि हा रुंदावलेला भाग जमिनीच्या वर दिसला पाहिजे. जंगलातलं कुठलंही मोठं झाड बघा, त्याचा बुंधा पायाशी फाकलेला असतो. लावलेली झाडं मात्र पुष्कळदा विजेच्या खांबासारखी सरळ मातीत घुसलेली दिसतात. तशी दिसली की समजायचं, बुंधा गाडला गेला आहे.

माझ्या कामाच्या तिसऱ्या वर्षी मी एक मेपल लावलं होतं. पहिली तीन-चार वर्षं ते छान वाढलं. मग एका बाजूची पानं दरवर्षी इतरांच्या आधी तांबडी व्हायला लागली आणि शेंडा विरळ झाला. सातव्या वर्षी मला बोलावणं आलं. खोड सरळसोट मातीत जात होतं. लाकडी पट्टीने आणि हातांनी माती उकरत गेलो, तेव्हा १२ सेंटिमीटर खाली पहिलं मोठं मूळ लागलं. त्याच्या जरा वर अंगठ्याएवढं जाड दुसरं एक मूळ खोडाला दोन तृतीयांश वेढा घालून बसलं होतं. त्याच्याखालची साल चेपून सपाट झाली होती, पोत्याला सुतळी आवळल्यावर खळगी पडते तशी. ते मूळ कुंडीत असतानाच गोल फिरलं होतं. मी ते पाहिलं नव्हतं, कारण मी कुंडीतल्या मातीची पातळी म्हणजेच लावण्याची पातळी मानली होती. मूळ कापलं, बुंधा मोकळा केला, पण फार उशीर झाला होता. दोन वर्षांनी ते झाड तोडावं लागलं. रोपवाटिकेत रोप एका कुंडीतून मोठ्या कुंडीत जाताना दर वेळी थोडी माती वर चढते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. आता प्रत्येक हुंडीवरची माती मी बोटांनी खरवडतो आणि पहिलं मोठं मूळ लागेपर्यंत थांबत नाही. कधी ते लगेच सापडतं, कधी चार बोटं खाली.

म्हणून तुमच्या मेपलबाबत क्रम असा ठेवा. कुंडी आडवी करून रोप बाहेर काढा. वरची माती खरवडून बुंध्याचा पसरट भाग मोकळा करा. मग हुंडीच्या कडा बघा. कडेला नुसती बारीक मुळी असेल तर बोटांनी उकलून बाहेरच्या दिशेला सोडली की पुरे. पण जाड मुळं गोल गोल फिरून कुंडीचाच आकार झाला असेल तर हात आखडू नका. धारदार करवतीने चारी बाजूंनी आणि तळाकडून हुंडीचा बाहेरचा २-३ सेंटिमीटरचा थर कापून टाका. पहिल्यांदा हे करताना जिवावर येतं, मलाही आलं होतं. पण मुळाचा स्वभाव असा, की जिथे कापलं त्याच्या मागून नवी मुळं फुटतात आणि ती बाहेरच्या दिशेने जातात. न कापलेलं गोल मूळ जमिनीत गेल्यावरही गोलच जाड होत राहतं. आणि पानं गळायला आलेल्या या दिवसांइतकी कापण्याला योग्य वेळ दुसरी नाही, कारण वरून पाण्याची मागणी नसते. खोडाला अगदी लगटून जाड, लाकडी झालेला वेढा दिसला आणि तो कापला तर झाडाला दुसरं मोठं मूळच उरत नाही अशी स्थिती असेल, तर ते रोप परत करा. ते लावण्यात अर्थ नाही.

खड्डा उथळ आणि रुंद हवा. रुंदी हुंडीच्या दुप्पट ते तिप्पट, खोली मात्र हुंडीच्या उंचीएवढीच, काठीने मोजून. बुंधा मोकळा केल्यानंतरची उंची धरायची, कुंडीची नाही. तळाची माती हलवायची नाही. ती भुसभुशीत केली की पाणी पडल्यावर झाड खाली बसतं आणि बुंधा पुन्हा गाडला जातो. चिकण मातीत फावड्याने कडा गुळगुळीत, चकचकीत होतात आणि मुळं त्यांना थडकून वळतात, म्हणून कडा कुदळीने ओरखडून ठेवा. रुंदीचा आग्रह यासाठी, की झाडाची बहुतेक मुळं वरच्या ३० ते ६० सेंटिमीटर मातीतच असतात आणि ती आडवी धावतात. खोल खड्ड्याचा त्यांना उपयोग नाही.

निचऱ्याची शंका असेल तर ३० सेंटिमीटर खोल खड्डा पाण्याने भरा, ते जिरू द्या आणि पुन्हा भरा. दुसऱ्या खेपेला तासाला निदान २-३ सेंटिमीटर पाणी उतरत असेल तर जागा चांगली. दुसऱ्या दिवशीही पाणी तसंच दिसलं तर जागा बदला, नाहीतर उंचवटा करून त्यावर लावा. तुमच्या मेलेल्या झाडांची मुळं काळी निघाली तर ही चाचणी टाळू नका.

खताबद्दल माझं उत्तर ऐकून तुम्हाला कदाचित आश्चर्य वाटेल: खड्ड्यात काहीही घालू नका. निघालेली माती ढेकळं फोडून तीच परत भरा. खड्ड्यात भरपूर खत घातलं की आतली माती बाहेरच्या मातीपेक्षा वेगळी होते. मुळं त्या मऊ भागातच घुटमळतात, भोवतालच्या चिकण मातीतून पाणी त्यात उतरून साचतं, आणि सेंद्रिय भाग कुजून आटला की झाड खाली बसतं. अमेरिकेत कार्ल व्हिटकॉम्ब या उद्यानविद्या-संशोधकांनी खड्ड्यातल्या मातीत सेंद्रिय पदार्थ मिसळून आणि न मिसळता लावलेल्या झाडांची तुलना केली, तेव्हा मिसळण्याचा फायदा दिसला नाही. मी स्वतः सुरुवातीची काही वर्षं फावड्याने खत घालायचो, ते सोडून आता २० वर्षं झाली आणि झाडांची मर वाढलेली नाही. चांगलं कुजलेलं कंपोस्ट हाताशी असेल तर ते वर पसरा, खाली गाडू नका. नत्र देणारं रासायनिक खत तर या दिवसांत अजिबात नको. त्याने कोवळी वाढ भलत्या वेळी फुटू शकते आणि ती पहिल्या कडाक्यात जळते.

माती अर्धी भरली की पाणी सोडा, ते जिरू द्या, म्हणजे पोकळ्या भरतात. मग उरलेली माती भरा. पायाने तुडवू नका, हाताने दाबा. भोवती आळं करा आणि पुन्हा पाणी द्या. दोन-तीन दिवसांनी आंबवणीचं पाणी चुकवू नका, कारण पहिल्या पाण्याने माती बसते आणि मुळांजवळ फटी पडतात.

आता पाण्यातली एक गोम सांगतो, तिच्यात पुष्कळ जण फसतात. कुंडीतली माती भुसभुशीत असते, जमिनीतली घट्ट. ओल घट्ट मातीतून भुसभुशीत मातीकडे सहजासहजी सरकत नाही. त्यामुळे आळ्याची माती ओली दिसते आणि आतली हुंडी कोरडी राहते. पहिले काही आठवडे मुळं हुंडीतच असतात, म्हणून पाणी हुंडीवर, बुंध्याच्या जवळ सावकाश सोडायचं. अंगठ्याएवढ्या जाडीच्या खोडाला एका वेळी १० ते १५ लीटर पुरतं. पहिले दोन आठवडे दर दोन-तीन दिवसांनी, पुढे आठवड्यातून एकदा. पण हा हिशेब डोळे झाकून पाळू नका. हुंडीत बोट दोन पेरं खुपसून बघा. माती बोटाला थंड लागली, थोडी चिकटली पण पाणी सुटलं नाही, म्हणजे वाफसा आहे आणि आज पाणी नको. पानं गळली, गारठा पडला म्हणजे आता पाणी कशाला, असं समजून लोक नळी गुंडाळून ठेवतात. मुळं तर याच वेळी कामाला लागलेली असतात. जमीन गोठेपर्यंत ओल टिकवायची, स्प्रूसला तर जमीन गोठायच्या तोंडावर एक भरपूर पाणी द्यायचंच.

आच्छादनाने ही ओल आणि जमिनीची ऊब आणखी काही दिवस लांबते. लाकडाचा भुगा नको, तुकडे किंवा पालापाचोळा चालेल. थर ५ ते ८ सेंटिमीटर, घेर जमेल तेवढा मोठा. खोडाभोवती मात्र एक वीतभर जागा उघडी ठेवा. खोडाला टेकवून टेकाड रचलं की साल दमट राहून कुजते आणि उंदरांना आयतं घर मिळतं. तुमच्या मेलेल्या झाडांची साल कुरतडलेली निघाली, तर यंदा खोडाभोवती ६ मिलिमीटर छिद्रांच्या जाळीचा सैल नळा बसवा. तो जमिनीत थोडा रुतवा आणि बर्फ साचत असेल तर त्याहून उंच ठेवा.

काठीचा आधार बहुतेक कुंडीतल्या झाडांना लागत नाही. वाऱ्याने हलणारं खोड जाड होतं, जखडलेलं बारीक राहतं. वाऱ्याची जागा असेल तर आधार खोडाच्या खालच्या एक तृतीयांशात, रुंद पट्ट्याने, सैल बांधा आणि एक वाढीचा हंगाम झाला की सोडा. छाटणीही आत्ता फक्त मोडलेल्या फांदीपुरतीच करा. कापलेल्या जागी रंग किंवा डांबर लावू नका. अमेरिकेच्या वनसेवेत काम केलेल्या ॲलेक्स शिगो यांनी हजारो झाडं चिरून दाखवलं, की झाड जखम भरून काढत नाही, तिला आतून भिंती घालून बंद करतं. वरचा लेप त्याला मदत करत नाही.

मेपलची कोवळी साल पातळ असते. हिवाळ्यात दुपारच्या उन्हाने खोडाची एक बाजू तापते आणि सूर्य मावळताच झपाट्याने गोठते. उत्तर गोलार्धात ती नैर्ऋत्येची बाजू, दक्षिणेत वायव्येची. त्याने तिथली साल मरते आणि पुढे उभी तडकते. पहिली दोन-तीन वर्षं हिवाळ्यापुरतं पांढरं वेष्टण गुंडाळा आणि वसंतात काढा, विसरू नका. स्प्रूसला वाऱ्याच्या बाजूने गोणपाटाचा पडदा करा, झाडाला गुंडाळू नका. लहान झुडपं जमीन गोठून-वितळून वर उचलली जातात. उघडीप मिळाली की एक फेरी मारा आणि वर आलेली हुंडी हाताने परत बसवून माती ओढा.

तेव्हा तुमचा क्रम असा होतो: आज जुनी दोन झाडं उपटून मुळं बघायची आणि निचरा तपासायचा. याच आठवड्यात स्प्रूस, त्यानंतर लगेच मेपल, पुढच्या आठवड्यात सहा झुडपं. मॅग्नोलिया कुंडीसह जमिनीत.

वसंतात मेपल उशिरा पालवलं तर घाबरू नका. फांदीची साल नखाने किंचित खरवडा. खाली हिरवं आणि ओलसर दिसलं तर फांदी जिवंत आहे. शेंडा कोरडा आणि तपकिरी असला तर खाली खाली येत तपासा. अगदी बुंध्यापर्यंत हिरवं सापडलं नाही तरच झाड गेलं असं म्हणा, आणि तेही उन्हाळा लागल्यावर. पालवी आली तरी पहिल्या वर्षी पानं लहान आणि वाढ तोकडी दिसेल. समशीतोष्ण हवामानात खोडाच्या दर २.५ सेंटिमीटर जाडीमागे झाडाला पूर्ण स्थिरावायला साधारण एक वर्ष लागतं. तुमचं मेपल अंगठ्याएवढं आहे, ते दुसऱ्या वर्षी जोर धरेल. शेजारी कोणी मनगटाएवढं जाड झाड आणून लावलं असेल तर ते अजून तग धरत असताना तुमचं त्याला गाठेल.

ती दोन झाडं उपटल्यावर मुळांवर काय दिसलं ते मात्र मला कळवा: गोल वेढा, काळी कूज, कोरडी हुंडी की कुरतडलेली साल. मुळं यांपैकी कशातच बसत नसतील तर ती फेकू नका. धुऊन सावलीत ठेवा आणि बुंध्यापासून पहिल्या मोठ्या मुळापर्यंतचं अंतर मोजून लिहा. तिथून पुढे शोधता येईल.